कागदातले 'शिवछत्रपती' कोणते? कोल्हापूरच्या गादीचा क्रम कसा वाचावा

आपण लिहिले आहे की पन्हाळा तालुक्यातील आपल्या मूळ गावच्या इनामाची एक मोडी नक्कल घरी आहे आणि तिच्यात 'शिवछत्रपती' हे नाव व 'सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ' असा काळ आहे (सुहूर सन म्हणजे मराठी दप्तरात चालणारा, अरबी अंकशब्दांत लिहिला जाणारा सन). हे शिवाजी महाराज कोणते, हे ठरवण्यासाठी आपण कोल्हापूरच्या राजांच्या तीन याद्या पाहिल्या, पण तिन्हींत क्रमांक वेगळे निघाले. एका यादीत 'चौथे शिवाजी' १८६६ साली वारले, तर दुसऱ्या यादीत १८८३ साली. शेवटी आपण असेही विचारले आहे की राजर्षी शाहू हे जन्माने कागलच्या घाटग्यांचे असतील, तर ही गादी भोसल्यांची कशी म्हणायची.

मोडी कागद वाचून देण्याच्या कामात हा गोंधळ माझ्यासमोर वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा मूळ प्रश्न 'खरी यादी कोणती' हा नसतो. याद्या सहसा खोट्या नसतात. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत हे सांगत नाहीत. गादीवर कोण बसले, प्रत्यक्ष कारभार कोणाच्या हाती होता आणि मोजणी कोणापासून सुरू केली, या तीन गोष्टी कोल्हापूरच्या बाबतीत दीर्घकाळ एकमेकींपासून सुटलेल्या आहेत. पित्यामागून पुत्र अशी सरळ साखळी गृहीत धरून ही यादी वाचली, की ती पहिल्या शंभर वर्षांतच तुटते.

मोजणीचा घोळ गादीच्या जन्मापासूनच आहे. छत्रपती राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून मोगलांशी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सुटून आले, त्याच वर्षी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याचा पराभव झाला आणि जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यास आपली स्वतंत्र गादी उभी केली. मात्र १७१४ साली पन्हाळ्यावरच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेत पडले. पुढे १७३१ च्या वारणेच्या तहाने शाहू आणि हे संभाजी यांच्यातील हद्द ठरली आणि वारणेच्या दक्षिणेचे राज्य कोल्हापूरकडे आले. जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगते. ताराबाईंचा नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे १७५० च्या सुमारास साताऱ्याच्या गादीवर गेले, म्हणजे ज्या शाखेला कोल्हापुरात बाजूला सारले गेले तिचा दावा साताऱ्यास पोचला आणि कोल्हापूर राजसबाईंच्या शाखेकडे राहिले. 'कोल्हापूरची गादी ताराबाईंची' हे वाक्य स्थापनेपुरते बरोबर आहे, वंशापुरते नाही.

आता मोजणी पाहू. स्वराज्य संस्थापक शिवाजी महाराजांना पहिले धरले, तर ताराबाईंचे पुत्र दुसरे होतात. फक्त कोल्हापूरच्या गादीपुरते मोजले, तर तेच पहिले होतात. एकाचा हा फरक पुढे सर्वत्र चालत राहतो. म्हणूनच १८६६ साली वारलेले शिवाजी उर्फ बाबासाहेब महाराज हे एका मोजणीत तिसरे आणि दुसरीत चौथे ठरतात, तर १८८३ साली वारलेले शिवाजी महाराज एकीत चौथे आणि दुसरीत पाचवे. कोल्हापुरात 'चौथे शिवाजी' म्हटले की बहुधा १८८३ सालचे, राजर्षी शाहूंचे दत्तक पिता, अभिप्रेत असतात. राजारामांचेही तसेच आहे. १९४० साली वारलेल्या राजाराम महाराजांना कोणी दुसरे म्हणतात, कोणी तिसरे, कारण तिसरे म्हणणारा लेखक संस्थापक शिवाजी महाराजांच्या पुत्रापासून मोजतो. शाहूंच्या बाबतीत साताऱ्याचे दोन शाहू मोजणीत घ्यायचे की नाहीत हा आणखी एक फाटा फुटतो.

आपला कागद ज्या काळातला आहे, तो काळ मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज डिसेंबर १७६० मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांच्याबरोबर ती शाखा संपली. पेशव्यांच्या दृष्टीने दोन्ही गाद्या एक करण्याची ही संधी होती आणि नानासाहेब पेशव्यांनी कोल्हापूरचे राज्य जप्त करण्याच्या हालचाली सुरूही केल्या. महाराणी जिजाबाईंनी त्यावर असे जाहीर केले की आपली एक सवत गरोदर आहे, तेव्हा वारसाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. ही सबब होती असेच बहुतेक इतिहासकार मानतात. पण तिने वेळ मिळाला, आणि त्या काही महिन्यांत परिस्थितीच पालटली. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब वारले आणि माधवराव पेशव्यांना निजामापासून घरच्या कलहापर्यंत इतकी व्यवधाने होती की कोल्हापूर गिळण्यापेक्षा त्याच्याशी जमवून घेणे त्यांना सोयीचे होते. १७६२ मध्ये पेशव्यांच्या संमतीने जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांच्या घरातील एक मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव शिवाजी ठेवले.

हे शिवाजी महाराज १८१३ पर्यंत गादीवर होते. यादीत म्हणूनच '१७६२ ते १८१३' अशी एक लांबलचक ओळ दिसते आणि वाचणाऱ्याचा समज होतो की एकाच माणसाने अर्धशतक राज्य केले. प्रत्यक्षात पहिली दहा-अकरा वर्षे, म्हणजे १७७३ मधील मृत्यूपर्यंत, कारभार जिजाबाईंचा होता. किल्ल्यांची व्यवस्था, सरदारांशी वाटाघाटी, किनाऱ्यावर इंग्रजांशी आलेले प्रसंग, सारे त्यांच्या नजरेखाली चालत होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी अटी घालून परत केला, तोही याच काळात. महाराज वयात आल्यावरही राज्याला स्वस्थता मिळाली नाही. पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्याशी वैर चालूच राहिले, १७९९ मध्ये पट्टणकोडोलीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले आणि शेवटी १८१२ च्या तहाने कोल्हापूर इंग्रजांच्या छायेत गेले. राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापूर शहरात आली तीही याच महाराजांच्या कारकिर्दीत.

आता आपल्या कागदाकडे वळते. 'इहिदे' म्हणजे एक, 'सबैन' म्हणजे सत्तर, 'मया' म्हणजे शंभर आणि 'अलफ' म्हणजे हजार; मिळून सुहूर सन ११७१. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हे वर्ष १७७० मध्ये सुरू होते. पण हा सन मृग नक्षत्रावर, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या आरंभी बदलतो, आणि त्यामुळे त्याचा उत्तरार्ध १७७१ मध्ये पडतो. नेमकी तारीख हवी असेल तर कागदात 'छ' या अक्षरानंतर आलेला चंद्राचा आकडा, म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख, आणि मुसलमानी महिना पाहावा लागेल. उदाहरणार्थ, महिना रजब असेल तर कागद १७७० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला ठरेल. काहीही असले तरी १७७०-७१ मध्ये गादीवर जिजाबाईंचे दत्तक पुत्रच होते. आपले 'शिवछत्रपती' ते हेच: कोल्हापूरच्या मोजणीने दुसरे, संस्थापकांपासून मोजल्यास तिसरे. इनाम देण्याचा निर्णय मात्र बहुधा जिजाबाईंच्या कारभारात झालेला असणार.

हे सारे नकलेतला सन बरोबर उतरला आहे या एका अटीवर अवलंबून आहे, कारण आपला कागद मूळ सनद नसून नक्कल आहे. इनामांच्या चौकशा पुढे अनेकदा झाल्या आणि त्या वेळी हक्क सिद्ध करण्यासाठी लोकांनी नकला करून दाखल केल्या. नक्कल करणाऱ्याने सनाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर प्रश्न नाही, पण जुन्या हस्ताक्षरातला एखादा शब्द त्याने चुकीचा वाचला असेल, तर दहा-वीस वर्षांचा फरक सहज पडतो. 'सबैन' आणि 'तिसैन' यांत मोडीत घोटाळा होऊ शकतो, आणि तसा झाला तर सत्तरऐवजी नव्वद धरावे लागतील. या विशिष्ट बाबतीत सुदैव असे की वीस वर्षे पुढे गेलात तरी महाराज तेच राहतात. बदलतो तो कारभारी. म्हणून माथ्यावरच्या नावापेक्षा मजकुरातील कारभाऱ्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव मी आधी शोधते. छत्रपतींचे नाव आणि बिरुद पन्नास-पन्नास वर्षे तेच चालते, कारभारी मात्र बदलत असतात, आणि काळ त्यांच्यावरून अधिक नेमका ठरतो.

दुसरी अट गावाची. आपले गाव पन्हाळा तालुक्यात आहे, तरी ते त्या काळी थेट छत्रपतींच्या खालशात, म्हणजे सरकारी अमलात, होते की एखाद्या जहागिरीत, हे पाहायला हवे. विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे पंत अमात्य, कागलचे घाटगे, इचलकरंजीचे घोरपडे, कापशीचे सेनापती, तोरगलचे शिंदे ही कोल्हापूरच्या छत्रछायेखालील घराणी होती, आणि त्यांच्या गावांत इनाम देणारा हात बऱ्याचदा जहागीरदाराचा असे. दक्षिणेकडील चिकोडी-मनोळी भागात तर गावेच कोल्हापूर, पेशवे आणि पटवर्धन यांच्यात हात बदलत राहिली. तसे गाव असते, तर मी एवढ्या खात्रीने उत्तर दिले नसते.

१८१३ नंतरचा एक तुकडा थोडक्यात सांगते, कारण याद्यांत सर्वाधिक विसंगती इथेच दिसते. शिवाजी महाराजांचे थोरले पुत्र संभाजी उर्फ आबासाहेब गादीवर आले आणि १८२१ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचा तान्हा मुलगा वारस मानला गेला, पण १८२२ च्या आरंभीच तो वारला. काही याद्या या बाळाला राजा म्हणून मोजतात, काही वगळतात; मोजणीत आणखी एकाचा फरक पडतो तो यामुळे. त्यानंतर आबासाहेबांचे भाऊ शहाजी उर्फ बुवासाहेब १८३८ पर्यंत गादीवर होते. त्यांचे इंग्रजांशी सतत खटके उडाले आणि १८२६ ते १८२९ या काळात एकामागून एक तह लादले गेले.

बुवासाहेबांच्या मृत्यूपासून पुढे मात्र यादी आणि सत्ता यांची पूर्ण फारकत झालेली दिसते. त्यांचे पुत्र शिवाजी उर्फ बाबासाहेब १८३८ मध्ये लहान वयात गादीवर आले. कारभार आधी राजघराण्यातील स्त्रियांच्या आणि कारभाऱ्यांच्या हाती गेला, मग इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना नेमले. त्यांच्या महसुली धोरणातून १८४४ मध्ये गडकऱ्यांचा, म्हणजे किल्ल्यांवरच्या वंशपरंपरागत शिबंदीचा, उठाव झाला. सामानगडावर सुरुवात होऊन तो भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत पसरला, आणि तो मोडल्यावर कोल्हापुरात इंग्रज राजकीय अधिकाऱ्याचा अंमल पक्का झाला. १८५७ मध्ये शहरातील पलटणीने बंड केले, महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय आला आणि त्यांना कराचीस नेऊन ठेवले; ते तिथेच वारले. बाबासाहेबांना कारभाराचे अधिकार परत मिळाले ते १८६२ च्या तहाने, तेही अटींसह, आणि चार वर्षांनी ते वारले. त्यानंतरचे राजाराम महाराज पूर्ण अधिकार हाती येण्याआधीच इंग्लंडहून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथे त्यांचे स्मारक आजही आहे. पुढचे शिवाजी महाराज अल्पवयीनच होते, त्यांना वेडे ठरवले गेले आणि १८८३ च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा मृत्यू झाला. शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक आले तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. अधिकार त्यांनी २ एप्रिल १८९४ रोजी हाती घेतले.

म्हणजे १८३८ ते १८९४ या छप्पन्न वर्षांत यादीत चार छत्रपती दिसतात, पण गादीवरील व्यक्तीच्या हाती कारभार असल्याची वर्षे सुमारे चारच भरतात. या काळातला कागद हाती आला तर 'कोणत्या महाराजांनी दिला' असे न विचारता 'कोणत्या कारभारी मंडळाच्या किंवा पोलिटिकल एजंटाच्या वेळी दिला' असे विचारावे लागते.

राहिला घाटगे आणि भोसले हा प्रश्न. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तकविधीनंतर मुलगा जनक कुळातून निघून दत्तक पित्याच्या गोत्रात येतो; त्याचा वारसा, त्याने करायचे श्राद्ध, त्याचे नाव, सारे नव्या कुळाचे होते. महाराष्ट्रात पतीने मनाई केली नसेल तर विधवेलाही त्याच्या पश्चात दत्तक घेता येत असे, आणि कोल्हापूरची गादी या एका नियमावर दोनदा तरी तरली, १७६२ मध्ये जिजाबाईंमुळे आणि १८८४ मध्ये आनंदीबाईंमुळे. आनंदीबाई या अहमदनगरास वारलेल्या शिवाजी महाराजांच्या विधवा पत्नी. कागलचे जयसिंगराव घाटगे १८८२ पासून संस्थानचे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारे, होते. त्यांचे पुत्र यशवंतराव यांना आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी दत्तक घेऊन शाहू हे नाव दिले. त्या दिवसापासून ते भोसले झाले. जन्म घाटग्यांचा आणि वंश भोसल्यांचा, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांत निवड करण्याची गरज नाही. शिवाय ते या मार्गाने आलेले पहिलेच नव्हते. फ्लॉरेन्सला वारलेले राजाराम महाराज जन्माने नागोजीराव पाटणकर, बाबासाहेबांच्या बहिणीचे पुत्र होते.

अर्थात केवळ विधी पुरेसा नसे. वरिष्ठ सत्तेची मान्यता लागे. १७६२ मध्ये ती पेशव्यांची होती, नंतर इंग्रजांची. ती नाकारली तर काय होते हे साताऱ्याने पाहिले. आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये मृत्युशय्येवर दत्तक घेऊन वारले, पण साताऱ्याचे राज्य इंग्रजांनीच १८१९ च्या तहाने नव्याने उभे केलेले असल्याने दत्तकाचा अधिकार आपल्या मर्जीवर आहे, असा पवित्रा घेऊन गव्हर्नर जनरल डलहौसीने ते खालसा केले, म्हणजे इंग्रजी मुलखात सामील केले. कोल्हापुरात निपुत्रिक मृत्यूचा प्रश्न आला तो १८६६ मध्ये, म्हणजे १८५७ नंतर धोरण बदलून संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्यावर. माझ्या मते बाबासाहेबांचे आयुष्य दहा-बारा वर्षांनी कमी असते, तर कोल्हापूरही साताऱ्याच्या वाटेने गेले असते. पण हा तर्क आहे.

पुढचा क्रम असा. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले आणि त्यांचे औरस पुत्र राजाराम गादीवर आले. १८३८ नंतर पुत्र पित्याच्या मागे गादीवर येण्याचा हा एकमेव प्रसंग. राजाराम महाराज १९४० मध्ये पुत्राविना वारले. दत्तक आलेले बाल शिवाजी महाराज १९४६ मध्ये वारले. आणि ३१ मार्च १९४७ रोजी देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे (शाखेचे) विक्रमसिंह पवार हे शहाजी या नावाने गादीवर आले. ते राजर्षी शाहूंच्या कन्येचे पुत्र होते आणि त्यासाठी त्यांनी देवासची गादी आपल्या मुलाकडे सोपवली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सध्याचे शाहू महाराज १९६२ मध्ये दत्तक आले.

आता आपण काय करावे, हे सांगते. आपल्या वंशावळीत किंवा टिपणात 'दुसरे' किंवा 'तिसरे शिवाजी' असे लिहू नका. 'महाराणी जिजाबाईंचे दत्तक पुत्र शिवाजी महाराज, कारकीर्द १७६२ ते १८१३' असे लिहा, म्हणजे पुढे वाचणाऱ्याने कोणतीही मोजणी वापरली तरी व्यक्ती बदलणार नाही. त्यानंतर नकलेचा शेवट नीट तपासा. नक्कल केल्याची तारीख, 'अस्सल बरहुकूम' (मुळाप्रमाणे) असा शेरा किंवा कचेरीचा शिक्का असेल, तर मूळ कागद कोणत्या दप्तरात दाखल होता याचा धागा तिथे मिळेल, आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारात गावाच्या नावाने आणि त्या सनाने शोध घेता येईल. शेरा नसेल, तर 'छ' नंतरचा महिना आणि मजकुरातील पहिल्या दोन-तीन अधिकाऱ्यांची नावे इथे उतरवून पाठवा. त्यावरून तारीख १७७० ची की १७७१ ची, आणि 'सबैन' हे वाचन टिकते का, एवढे नक्की सांगता येईल.